सहा आठवडे झाले, एक्स-रेत रेघ अजून दिसते: हाड जुळतंय की नाही?

करवीर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा १५ वर्षांचा, कोल्हापुरात तालमीत राहून कुस्ती करतो. सरावात पाय अडकला आणि उजव्या नडगीचं हाड मधोमध मोडलं. ऑपरेशन लागलं नाही, हाड बसवून मांडीपासून प्लास्टर घातलं. सहा आठवड्यांनी एक्स-रे काढला तर मोडल्याची रेघ तशीच दिसते. तरीही डॉक्टर म्हणतात, आता गुडघ्याखालचं प्लास्टर घालू, पायावर थोडं थोडं वजन टाकायला लागा. सासूबाई म्हणतात, पाय हलवूच नका, हाडवैद्याला दाखवा, पायाचं सूप द्या. उंची खुंटेल का ही ताईंची भीती, आणि पोरगं एकच विचारतंय, कुस्ती परत खेळता येईल का.

ताई, कोल्हापुरात हाडांचं काम करायला लागून मला २६ वर्षं झाली. या एका रेघेवरून किती आयाबापांशी बोललो असेन, मोजदाद नाही. एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरायचा, रेघेवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "डॉक्टर, हे अजून जुळलंच नाही की ओ." तुमची शंका रास्त आहे. आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या डॉक्टरांचा सल्लाही बरोबर वाटतो. रेघ दिसत असताना वजन टाका असं का सांगतात, हे कळायला हाड आतून कसं असतं ते आधी बघायला हवं.

आपल्या मनात हाड म्हणजे घराचा वासा असतो. वाळलेला, निर्जीव, मोडला तर खिळे ठोकून जोडायचा. हाड तसं नसतं. त्याला रक्त लागतं, ते रोज थोडं झिजवलं जातं आणि रोज थोडं बांधलं जातं. मोडलं तर तेच स्वतःला जोडून घेतं. प्लास्टर, रॉड, प्लेट, स्क्रू यांतलं काहीही हाड जोडत नाही. ते फक्त हाड रेषेत धरून ठेवतं. जोडण्याचं काम तुमच्या मुलाच्या पेशी करतात, आणि गेले सहा आठवडे त्या ते करतच आहेत.

पुढच्या वेळी घरी मटण आणाल तेव्हा नळी शिजवायच्या आधी जरा हातात घेऊन बघा. सुरी हलक्या हाताने फिरवली तर वरून पातळ पांढरा पापुद्रा सुटतो. तो हाडाचा पदर. त्यात रक्तवाहिन्या असतात आणि नवं हाड बांधणाऱ्या पेशी दडलेल्या असतात. लहान मुलांत हा पदर जाड आणि फार कामसू असतो, म्हणून त्यांची हाडं झपाट्याने जुळतात. पदराखाली नळीची भिंत लागते, घट्ट आणि गुळगुळीत. आपल्या सांगाड्याच्या वजनातला सुमारे ८० टक्के भाग अशा घट्ट हाडाचा असतो. आत पोकळी आणि पोकळीत मगज. आता नळीचं टोक फोडून बघा. तिथं भिंत पातळ होते आणि आत आंबोळीसारखी जाळी दिसते. ही जाळी कशीही विणलेली नसते. भार ज्या दिशेने जातो त्या दिशेने तिचे धागे जाड असतात. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ साली हे नियम म्हणून मांडलं: हाडावर जसा भार पडेल तसं ते स्वतःला घडवतं. हा नियम लक्षात ठेवा, वजन टाकण्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

मटण कोवळ्या बकऱ्याचं असेल तर शिजल्यावर नळीचं टोक आपोआप सुटून येतं. तिथं हाड अजून एकसंध झालेलं नसतं, मध्ये कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक ऊतकाची, चकती असते. तीच वाढीची चकती. तिच्याबद्दल पुढे उंचीच्या प्रश्नात सांगतो.

हाड कशाचं बनलंय हे मुलांना दाखवायला मी एक प्रयोग सांगत असतो. कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं स्वच्छ करून घ्या. एक बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मध्ये एकदोनदा व्हिनेगर बदला. पाच-सहा दिवसांनी बाहेर काढलं की दिसायला हाडच, पण बोटांत धरून रबरासारखं वाकतं. व्हिनेगरने त्यातले क्षार विरघळवून नेले, मागे राहिले ते कोलॅजनचे चिवट धागे. दुसरं हाड चुलीच्या निखाऱ्यात पांढरं होईपर्यंत भाजा. आकार तोच राहतो, पण चिमटीत दाबलं की भुगा होतो. इथं धागे जळून गेले, क्षार उरले. ओल्या मातीत भाताचं तूस कालवून वीट थापतात तसं हे मिश्रण आहे. वजनाच्या साधारण दोन तृतीयांश क्षार, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरसचे. बाकीचे धागे आणि पाणी. एकटे क्षार ठिसूळ, एकटे धागे लेचेपेचे, दोन्ही मिळून हाड. म्हणून नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी हाड भरून येईल ही समजूत अर्धीच खरी आहे. धागे प्रथिनांचे असतात, त्यांचा कच्चा माल खाण्यातूनच यावा लागतो.

आणि या विटेत जीव आहे. घट्ट हाडाच्या भिंतीत केसाहून बारीक नळ्या उभ्या गेलेल्या असतात, त्यातून रक्तवाहिन्या जातात, आणि त्यांच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे हाडाचे थर असतात. थराथरांत एकेक पेशी कोंडून बसलेली असते. कोंडलेली असली तरी बारीक तंतूंनी ती शेजारणींना धरून असते. कुठे ताण पडतोय, कुठे चीर गेली आहे, हे या पेशींना कळतं आणि त्या निरोप धाडतात. निरोप आला की हाड पोखरणाऱ्या पेशी येतात, आम्ल सोडून जुना भाग विरघळवतात. त्यांच्यामागून बांधणाऱ्या पेशी येतात आणि नवे धागे विणून त्यात क्षार भरतात. पोखरायला दोन-तीन आठवडे लागतात, भरून काढायला तीनेक महिने. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी असा नवा होतो. पाय मोडायच्या आदल्या दिवशीही तुमच्या मुलाच्या नडगीत हे चालूच होतं.

आता मोडल्यावर काय होतं ते.

हाड मोडलं की त्यातल्या, पदरातल्या आणि मगजातल्या रक्तवाहिन्या फाटतात. मांडीचं हाड मोडलं तर कातडी न फाटताही लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत साठू शकतं. नडगीत त्याहून कमी, पण गाठ होतेच. ही गाठ म्हणजे घाण नाही. ती चोळून जिरवायची नाही. त्या गोठलेल्या रक्तातूनच पहिले संदेश सुटतात आणि जुळणीचं काम सुरू होतं. पहिल्या आठवड्यात सूज, लाली, ठणका, हे सगळं त्या कामाचाच भाग. मग नव्या केशवाहिन्या आत शिरतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत दोन्ही टोकांभोवती एक मऊ पूल तयार होतो. आम्ही त्याला कॅलस म्हणतो. हा पूल आधी तंतूंचा आणि कूर्चेचा असतो, हाताने दाबलं तर लवेल असा.

ताई, इथंच तुमच्या रेघेचं उत्तर आहे. एक्स-रे म्हणजे कॅल्शियमची सावली. मऊ पुलात कॅल्शियम नसतं, म्हणून तो तिथं असूनही फिल्मवर दिसत नाही. पुढे त्यात क्षार बसायला लागतात तशी मोडल्या जागेभोवती पिंजलेल्या कापसासारखी धूसर पांढुरकी छटा येते. सहाव्या आठवड्याला बघायची ती ही छटा. रेघ सगळ्यात शेवटी पुसली जाते, कारण कॅलस बाहेरून आत भरत येतो. तुमच्या मुलाची ती फिल्म पुन्हा हातात घेऊन बघा. रेघेच्या दोन्ही बाजूंना, हाडाच्या कडेला, असा ढगाळ फुगवटा दिसतो का? आधीच्या फिल्ममध्ये तो नव्हता ना? असेल तर हाड जुळतंय. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. चारपैकी तीन कडांवर पूल पोचला की आम्ही हाड जुळलं असं म्हणतो, रेघ पुसट दिसत असली तरी.

त्यानंतरही काम संपत नाही. घाईघाईत घातलेलं ते हाड ओबडधोबड असतं. मग पोखरणाऱ्या आणि बांधणाऱ्या पेशी पुढची एक-दोन वर्षं, कधी जास्त, ते तासून घेतात, पोकळी मोकळी करतात, भिंत गुळगुळीत करतात. कातडी कापली तर व्रण राहतो. हृदयाच्या किंवा दंडाच्या स्नायूला मोठी इजा झाली तर तिथं व्रणाचंच ऊतक भरतं. हाड मात्र हाडानेच भरतं. लहान वयात मोडलेलं हाड काही वर्षांनी एक्स-रेत दाखवलं तर कुठे मोडलं होतं हे मलासुद्धा सांगता येत नाही.

याच्या उलट उदाहरण तुमच्या मुलाच्या तालमीतच असेल: पैलवानाचा मोडलेला कान. बाहेरच्या कानात हाड नाही, कूर्चा आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पदरातून झिरपेल तेवढंच पोषण तिला मिळतं. रगडा बसून पदर आणि कूर्चा यांच्यात रक्त साठलं की खालची कूर्चा उपाशी राहते आणि कान कायमचा आवळून घट्ट होतो. कोल्हापुरात तो कान मानाने मिरवतात, आणि मिरवावा. पण तो पूर्ववत होत नाही. हाड होतं, कारण त्याला रक्त आहे. हाडाच्या जुळणीत जे जे काही बिघडतं त्यातलं बरंचसं रक्तपुरवठ्याशी जाऊन भिडतं.

म्हणून सगळी हाडं सारख्या वेगाने जुळत नाहीत. जन्मताना बाळाचा कॉलर बोन मोडला तर दोन-तीन आठवड्यांत जुळतो. पाच वर्षांच्या पोराचं मनगट चार-पाच आठवड्यांत. मोठ्या माणसाच्या नडगीला चार महिने, कधी त्याहून जास्त. सुश्रुतसंहितेतही भग्नाच्या, म्हणजे मोडलेल्या हाडांच्या, प्रकरणात वयाप्रमाणे मुदत दिली आहे: बालवयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट. नडगी मुळातच हट्टी. तिच्या पुढच्या अंगावर हात ठेवून बघा, कातडी आणि लगेच हाड. मांडीच्या हाडाला चहूबाजूंनी मांसाचं आणि त्यातल्या रक्ताचं पांघरूण असतं, नडगीला ते फक्त मागून आणि बाहेरच्या बाजूने. १५ वर्षांच्या मुलाला, मधोमध मोडलेल्या नडगीला, मी घरच्यांना १० ते १४ आठवडे सांगतो. सहा आठवडे म्हणजे तुम्ही अर्ध्या वाटेवर आहात.

आता वजन. सासूबाईंचं म्हणणं पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी अगदी बरोबर होतं. मऊ पूल बांधला जात असताना टोकं सारखी हलली तर तो पुन:पुन्हा तुटतो. पण पूल थोडा धरला की हाडाला भाराची भूक लागते. अंतराळात जाणाऱ्यांना पायावर भारच नसतो, तर त्यांच्या खुब्याची आणि कण्याची हाडं महिन्याला एक ते दीड टक्क्याने विरळ होतात. प्लास्टरमध्ये लोंबकळत ठेवलेल्या पायाचंही थोडंफार तसंच होतं. गुडघ्याखालचं प्लास्टर नीट साच्यात बसवलेलं असलं की ते हाडाला वाकू आणि फिरू देत नाही. पाऊल टाकल्यावर टोकं एकमेकांवर किंचित दाबली जातात, आणि त्या बारीक दाबानेच कॅलस भरायला जोर येतो. म्हणजे डॉक्टर घाई करत नाहीत. हाडाला जे हवं ते, हवं त्या वेळी देत आहेत.

सुरुवात दोन कुबड्यांवर करा, पाय नुसता जमिनीला टेकवून. घरी वजनकाटा असेल तर तो पाय त्यावर ठेवून पाच किलो, दहा किलो म्हणजे किती दाब हे मुलाला पायात ओळखू द्या. दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवा. टेकल्यावर जरासं दुखणं चालेल. मोडल्या जागी कळ येऊन ती रात्रभर राहत असेल, तर एक पाऊल मागे या आणि डॉक्टरांना सांगा.

एक गोष्ट मात्र नक्की तपासून घ्या. या वयात हाड वाकडं जुळलं तर आपोआप सरळ होईल ही आशा फार धरता येत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलात ते बरंच सरळ होतं, १५ ला वाढ संपत आलेली असते. आणि पाय पिळलेला जुळला तर तो पीळ लहान मुलातही सुटत नाही. म्हणून नवं प्लास्टर घालताना डॉक्टरांना विचारा, रेषा किती अंश हलली आहे. मुलाला उताणं झोपवून दोन्ही गुडघे छताकडे करा आणि दोन्ही पावलं कुठे बघतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

हाडवैद्याबद्दल मला शांतपणे पण स्पष्ट लिहायचं आहे. आपल्याकडे काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालत आलंय, आणि त्यातल्या काहींच्या बोटांना हाड कळतं हे मी नाकारणार नाही. साधं, न हललेलं हाड बांबूच्या कामट्यांतही जुळतं, कारण जोडणारं हाडच असतं. धोका बांधण्याच्या घट्टपणात आहे.

काही वर्षांपूर्वी गगनबावड्याकडच्या एका वाडीतून नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला. आंब्यावरून पडून कोपराच्या वर हाड मोडलं होतं. गावातच कुणीतरी पाला वाटून लावला आणि वरून कामट्या सुतळीने आवळल्या. पोर रात्रभर रडलं. "हाड बसतंय म्हणून दुखतंय," असं घरच्यांना सांगण्यात आलं. तिसऱ्या दिवशी ते रडायचं थांबलं, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. रडणं थांबलं होतं कारण हाताची जाणीव गेली होती. मी सुतळी कापली तेव्हा दंडाखाली हात सुजून चकचकीत झाला होता, बोटं मेणासारखी पांढरट आणि आत वळलेली. मी त्याची मधली आणि करंगळीकडची बोटं हळूच सरळ करायला गेलो, ती दोरी ताणावी तशी ताठ लागली. हाताचे स्नायू मेले होते. हाड पुढे छान जुळलं. मूठ मात्र आजही उघडत नाही, दोन ऑपरेशनं होऊनसुद्धा. रिचर्ड फॉन फोल्कमन यांनी १८८१ साली या अवस्थेचं वर्णन केलं. या पोराच्या बाबतीत कारण हेच, घट्ट बांधलेल्या हातात सूज वाढली आणि आतलं रक्त अडलं. स्नायूंना यातून वाचवायला हातात साधारण सहा तास असतात.

हे प्लास्टरखालीही होऊ शकतं, आमच्या हातूनसुद्धा. म्हणून कुणी बांधलं यापेक्षा ही लक्षणं पाठ करा: बांधल्यावर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं, बोटं दुसऱ्याने सरळ केली तर असह्य कळ, बोटं पांढरी-निळी किंवा गार पडणं, मुंग्या किंवा बधिरपणा. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच दवाखाना गाठायचा आणि बांधलेलं कापून काढायला लावायचं. सुश्रुतसंहितेनेही हे बजावलं आहे. सैल बांधलं तर हाड स्थिर राहत नाही, फार घट्ट बांधलं तर सूज, वेदना आणि पू होतो, म्हणून बेताचंच बांधावं. परंपरेचा मान राखायचा तर तो या वाक्याचा राखावा.

आणि चोळणं नको. विशेषतः कोपराला मार लागल्यावर तेल लावून रगडलं, हात ओढून सरळ केला, तर फाटलेल्या स्नायूत चक्क हाड तयार होतं आणि सांधा अडकतो. रगडून बिघडलेले असे कोपर मी दर वर्षी बघतो.

आता ताटाकडे. पायाचं सूप खुशाल द्या. त्यातला चिकटपणा कोलॅजनचा, पण ते पोटात गेल्यावर सुटं होतं. तसंच्या तसं नडगीत जाऊन बसत नाही. उपयोग होतो तो प्रथिनं आणि गरम अन्न म्हणून. दोन अंडी, डाळ, उसळ, मासे, चिकन, यांचाही तोच उपयोग. कॅल्शियम आपल्याकडे हाताशी आहे: १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि सायीसकट म्हशीच्या दुधाचे दोन पेले घेतले तरी बरीच मजल जाते. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम लागतं. पाळी गेलेल्या बायकांना त्याहून जास्त, म्हणून नाचणीची भाकरी एकट्या मुलापुरती करू नका, सासूबाईंच्या ताटातही वाढा. त्यांच्या वयात मनगट आणि खुबा नुसत्या तोल जाण्याने मोडतात, आणि खुब्याचं मोडणं फार महागात पडतं.

हाड जुळायला म्हणून देतात त्या कांडवेल या वनस्पतीबद्दलही अनेकजण विचारतात. तिच्यावर अभ्यास चालू आहेत, पण ती दिली म्हणून प्लास्टर लवकर काढता येईल असं मी कुणाला सांगणार नाही.

ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट शिरत नाही. ते मुख्यतः उन्हाने कातडीत तयार होतं, आणि आपल्याकडे ऊन भरपूर असूनही कमतरता फार आढळते. रक्त तपासून कमी असेल तर डॉक्टर ६०,००० युनिटची पुडी देतात, आठवड्याला एक. आठवड्याला हा शब्द मी कागदावर गोल करून देतो, कारण ती रोज एक घेऊन रक्तातलं कॅल्शियम वाढलेले, उलट्या होऊन दाखल करावे लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आणि ताई, एक प्रश्न मुलाला एकट्याला बसवून विचारा: मावा, गुटखा, सिगारेट आहे का? वस्ताद चालवून घेत नाहीत, मला माहीत आहे. पण प्लास्टरमध्ये पडून राहिलेल्या पोराला मित्र वेळ घालवायला काहीही आणून देतात. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि धूम्रपान करणाऱ्यांची नडगी उशिरा जुळते, कधी जुळतच नाही, हे भक्कमपणे दिसून आलं आहे. घरात कुणी मशेरी लावत असेल तर त्यांच्या हाडांनाही तेच निकोटिन मिळतं.

उंचीची काळजी सोडा. हाड लांबीत वाढतं ते टोकांजवळच्या चकतीत. तिथं कूर्चेच्या पेशी एकावर एक चवडीसारख्या रचल्या जातात आणि मागून त्यांचं हाड होत जातं. मुलींच्या चकत्या साधारण १४ ते १६ ला बुजतात, मुलांच्या १६ ते १८ ला. जन्मतः पावणेतीनशेच्या आसपास असलेली हाडं जुळत जुळत मोठेपणी २०६ होतात ती अशाच जोडण्यांनी. तुमच्या मुलाचं हाड मधोमध मोडलंय, चकतीपासून लांब. उंची खुंटणार नाही.

हाडात किती जीव आहे याची माझ्या हातची एक गोष्ट सांगतो. उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेल्या एका तरुणाची सहा सेंटिमीटर नडगी रस्त्यावरच गेली होती. सैबेरियातल्या कुर्गानमध्ये गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात शोधलेल्या, पायाभोवती बसवून तारांनी हाड धरणाऱ्या रिंगा लावून आम्ही त्याचं हाड वर एका जागी जपून कापलं आणि रोज एक मिलिमीटर, पाव-पाव करून चार वेळा, सरकवलं. मागे सुटत गेलेल्या फटीत नवं हाड भरत गेलं. रोज पाना फिरवायची त्याची आई, घड्याळ लावून. सरकवायला दोन महिने, पक्कं व्हायला त्यानंतर चार. आज तो दुचाकीवर दूध घालतो.

कुस्ती. हो, खेळता येईल, आणि घाई केली नाही तर पूर्वीच्या जोमाने. आत्ता प्लास्टरमध्येही पडून राहू देऊ नका. बसून दंडाचे व्यायाम, पाय गुडघ्यात ताठ ठेवून वर उचलणं, प्लास्टरमधून बाहेर दिसणारी बोटं तासातासाला हलवणं. प्लास्टर निघालं की पोटरी बारीक आणि घोटा आखडलेला दिसेल. घाबरू नका. दोन्ही पोटऱ्यांचा घेर शिंप्याच्या टेपने मोजून वहीत लिहा, गुडघ्याच्या खाली ठरावीक बोटांवर, दर आठवड्याला. आधी घोटा मोकळा करायचा, मग अर्ध्या बैठका, मग सपाट जागेवर चालणं, मग हलकं धावणं. जोर त्यामानाने लवकर सुरू करता येतात. पूर्ण बैठका दुखण्याशिवाय व्हायला लागल्या, मोडल्या पायावर एकट्याने उभं राहून उडी मारता आली, घेरातला फरक एक सेंटिमीटरच्या आत आला, आणि एक्स-रेत चारपैकी तीन कडा भरल्या, हे सगळं जमलं की मगच माती. माझ्या अनुभवात नडगीच्या पैलवानाला पकडीची कुस्ती धरायला सहा महिने तरी जातात. वस्तादांना भेटून हे तुम्ही स्वतः सांगा, कारण पोरगं त्यांना "बरं झालंय" एवढंच सांगेल.

तीन-चार आठवड्यांनी पुढचा एक्स-रे असेल. जाताना पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या फिल्म तारखेप्रमाणे लावून न्या. एकटी फिल्म फार थोडं सांगते, शेजारी आधीची ठेवली की पूल किती पुढे आला ते तुम्हालाही दिसेल. बाराव्या-चौदाव्या आठवड्यालाही दोन फिल्ममध्ये काहीच फरक नसेल, मोडल्या जागी हात ठेवून हळूच वाकवल्यावर हालचाल जाणवत असेल, किंवा पाऊल टाकताना कळ तशीच येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी रॉड घालण्याबद्दल बोलायला सुरुवात करा. पण सहाव्या आठवड्याला कडेला ढगाळ छटा आली असेल, तर आज मुलाच्या हातात कुबड्या द्या आणि त्याला दारापर्यंत चालवत न्या.